पोर आत, पालक बाहेर: जुळे सोलापुरातल्या एका केंद्राच्या कुटुंब विभागाचं परीक्षण

जुळे सोलापुरातल्या एका क्रीडा केंद्राने बॅडमिंटन हॉल आणि जिमच्या जोडीला कुटुंब विभाग सुरू केलाय. बालखेळगट, बाळंतपणानंतरच्या आयांची बैठक, पालकवर्ग, कौटुंबिक पोहणं, उन्हाळी शिबिर, पाळणाघर आणि वर्षातून काही व्याख्यानं असा सगळा पसारा एकाच आवारात आहे. फीचं पत्रक हातात घेतलं की वाटतं, महाग तेच चांगलं असणार. इथे नेमकं उलटं आहे. कमी फीचे खेळगट आणि पालकवर्ग अव्वल, आणि सगळ्यात जास्त पैसे घेणारं उन्हाळी शिबिर पोकळ. फरक एकाच गोष्टीने पडतो. ज्या उपक्रमात आई, बाबा किंवा आजी मुलासोबत खोलीत असतात, तो जमलाय. जिथे पोर आत सोडून मोठी माणसं बाहेरच्या बाकावर मोबाइल घेऊन बसतात, तिथे गाडी रुळावरून उतरते.

हे परीक्षण लहान मुलं आणि पालकांबरोबर काम करणाऱ्यांच्या नजरेतून केलंय. त्यामुळे रंगवलेल्या भिंती आणि दारातल्या सेल्फी पॉइंटला गुण नाहीत.

खेळगट

वय १ ते ३ वर्षं. एका गटात जास्तीत जास्त १२ मुलं आणि प्रत्येकासोबत घरचं एक मोठं माणूस. वेळ सव्वा तास, आठवड्यातून दोनदा. मूल एकटं सोडायला परवानगी नाही, आणि हा नियम ताई खरोखर पाळतात. ‘जरा भाजी घेऊन येते’ म्हणणाऱ्यांना गोड बोलून आत बसवतात.

सुरुवातीला चपला बाहेर, हात साबणाने, मग साधारण अर्धा तास मोकळा खेळ. ‘मोकळा’ म्हणजे मूल निवडेल तो. त्यानंतर पाण्याचा किंवा धान्याचा खेळ, खाऊ, गाणी आणि निरोप. क्रम कधीच बदलत नाही. दीड वर्षाच्या पोराला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. पाण्यानंतर खाऊ येतो हे एकदा पक्कं झालं की पाणी आवरताना होणारा आकांत निम्म्यावर येतो. बऱ्याच ठिकाणी ताईच्या मूडप्रमाणे आज गाणी आधी, उद्या चित्र आधी असं चालतं आणि मग मुलं ‘हट्टी’ ठरतात.

सामान बघण्यासारखं आहे. दुकानातली बॅटरीवर वाजणारी खेळणी जवळजवळ नाहीतच. स्टीलच्या वाट्या, गाळण्या, डाव, घमेली, टॉवेल कारखान्यातून आणलेले टेरी कापडाचे तुकडे, आणि सगळ्यात लोकप्रिय म्हणजे सुताचे रिकामे कागदी कोन. सोलापुरात त्यांना तोटा नाही. कोन खाली रुंद, वर निमुळता, त्यामुळे एकावर एक चढवला की अडकून बसतो आणि मनोरा पटकन ढासळत नाही. दीड वर्षाचं मूल चार-पाच कोन चढवतं, वरच्या भोकात डोळा लावून बघतं, मग त्याच भोकात फडक्याची चिंधी कोंबतं आणि खालून ओढून काढतं. या चिंधीत पंधरा मिनिटं जातात. पैसे देऊन आणलेल्या कुठल्याही खेळण्याला हे जमत नाही. एक काळजी केंद्राने घेतलीय, ती घरी करून बघणाऱ्यांनीही घ्यावी: कोन पांढऱ्या सुताचे आणि कोरे असावेत. रंगाऱ्याकडून आलेले नकोत, कारण त्यांना रंगाची भुकटी चिकटलेली असते आणि या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते. कोन ओला झाला, मऊ पडला की लगेच टाकून द्यायचा.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी वस्तू निवडताना ताई एक साधी चाचणी वापरतात. सव्वातीन सेंटिमीटर रुंद तोंडाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण बसते ती खोलीबाहेर. बटणं, मणी, बाटलीची छोटी झाकणं यातच गळतात. खाऊलाही तोच हिशोब लावलाय आणि सोलापूरच्या डब्यांना तो लागणं गरजेचंच होतं. अख्खे शेंगदाणे बंद. शेंगाचटणी बारीक कुटलेली असेल आणि तिखट नसेल तर भाकरीच्या मऊ घासाला लावून चालते. कडक भाकरीचे तुकडे दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवूनच. द्राक्षं उभी चिरून चार भाग. खाताना मूल बसलेलंच हवं. धावताना घास घशात अडकण्याचा धोका वाढतो. ठसका लागलेलं मूल खोकत असेल, आवाज निघत असेल तर त्याला खोकू द्यायचं, पाठीत धपाटे घालायचे नाहीत. आवाजच बंद झाला तर काय करायचं हे ताईंनी बाहुलीवर शिकून घेतलंय आणि पहिल्या आठवड्यात पालकांकडूनही करून घेतात: एक वर्षाखालच्या बाळाला पालथं धरून, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थाप आणि मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. वर्षापुढच्या मुलाला पाच थाप आणि मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके. बोट तोंडात घालून चाचपडायचं नाही. वस्तू आणखी आत जाते.

पाण्याच्या खेळाबद्दल इथे वेगळं लिहावं लागेल, कारण आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ‘पोरांना पाण्यात खेळायला’ म्हटलं की पालकांच्याच कपाळाला आठ्या पडतात. केंद्राने उत्तर बरं काढलंय. चार मुलांत एक उथळ घमेलं, पाणी दोन बोटं, एकूण पाच-सहा लिटर. खेळ संपला की तेच पाणी कुंड्यांना. घमेली पालथी घालून ठेवतात. पाणी साचलं की डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. पाणी दोन बोटंच का, याचं कारण काटकसरीपलीकडचं आहे. तोल जाऊन पालथं पडलेलं लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं, आणि बुडताना ओरडत नाही. म्हणून प्रत्येक मुलाचं माणूस हाताच्या अंतरावर. घरी बादली भरून मोरीत ठेवण्याची आपली सवय याच कारणासाठी धोक्याची आहे. ताई हे सांगतात, पण फक्त गाण्यांच्या आधी घाईत. दारावर ठळक लिहून लावायला हवं.

गाणी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत. साखर पेठेतून येणाऱ्या तेलुगू आजीला तिचं गाणं म्हणायला लावतात आणि बाकीच्यांनी टाळ्या धरायच्या. हा नुसता सलोख्याचा कार्यक्रम नाही. ‘घरात दोन भाषा आहेत म्हणून पोरगं उशिरा बोलतंय, तुम्ही मराठीच बोला’ हा सल्ला सोलापुरात सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. दोन भाषांमुळे बोलणं खुंटत नाही. मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे: ‘नीळ्ळु’ आणि ‘पाणी’ येत असेल तर ते दोन शब्द. आजीची भाषा तोडली तर मुलाशी दिवसभर बोलणारं माणूसच गप्प होतं, तोटा तिथे होतो.

विकासाच्या टप्प्यांचा तक्ता भिंतीवर आहे आणि तो नीट वापरला जातो. दीड वर्षापर्यंत चालत नाही, नावाने हाक मारल्यावर बघत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, दोन वर्षं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेलं बोलणं थांबलं, यातलं एकही दिसलं तर ताई निदान करत नाहीत. ते त्यांचं काम नाही आणि त्या ते ओळखून आहेत. दिसलेली गोष्ट एका चिठ्ठीवर लिहून देतात, आधी कान तपासायला सांगतात आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे पाठवतात. २०१३ पासून चालू असलेल्या या सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. खासगी खेळगटात येणाऱ्या मुलांचं नाव बऱ्याचदा अंगणवाडीत नसतं, म्हणून ती नेमकी सुटतात. नाव नोंदवून ठेवा, रोज जात नसलात तरी. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबा पण चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते’ हे ऐकून वर्ष घालवलं जातं आणि नेमकं तेच वर्ष सगळ्यात मोलाचं असतं.

बाळंतिणींची बैठक

दर बुधवारी, बाळ दीड महिन्याचं झाल्यापासून सहा महिन्यांपर्यंत. फी नाममात्र. गादी-तक्क्यांची बैठक, दाराला पडदा, पाजायला अडचण नाही.

इथली सगळ्यात चांगली गोष्ट दिसत नाही. नाव नोंदवताना आईला दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली भरायला देतात. बाळंतपणानंतरची उदासी ओळखायला ती जगभर वापरतात. प्रश्न विचारताना आई एकटी असावी लागते. सासूबाई किंवा स्वतःची आई शेजारी बसली की सगळी उत्तरं ‘छान आहे’ अशीच येतात. इथे बाळाला वजनाच्या निमित्ताने आजीकडे देऊन दुसऱ्या खोलीत नेतात आणि आईला पाच मिनिटं मिळवून देतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर बाकीची बेरीज कितीही असो, त्याच दिवशी पुढची पावलं उचलायची असतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक सगळ्यांनाच कार्डावर छापून देतात, त्यामुळे कुणाला वेगळं काढून दिल्यासारखं वाटत नाही. सल्लागार मात्र महिन्यातून एकदाच येतात. हे अपुरं आहे.

खाण्यापिण्याच्या सत्रात मध चाटवणं, गुटी आणि वरणाचं पाणी हे तिन्ही विषय तोंडावर घेतात. मध एक वर्षापर्यंत अजिबात नाही, बोटुलिझम या जिवाणूंच्या विषबाधेच्या धोक्यामुळे. सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी नाही. सहा महिन्यांनी वरचा आहार सुरू करताना घट्टपणा चमच्यावर बघायचा: चमचा तिरका केला आणि सगळं ओघळून गेलं तर ते फार पातळ आहे. वरणाच्या पाण्याने पोट भरतं, पोषण होत नाही. मऊ वरणभात कुस्करून, वर तूप. सुरुवात दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा, आणि हळूहळू पाव लिटरच्या वाटीची अर्धी वाटी. अर्धी वाटी किती हे दाखवायला समोर वाटीच ठेवलेली असते. अशा साध्या गोष्टी तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त काम करतात.

पालकवर्ग

आठ शनिवार, दीड तास, जास्तीत जास्त १४ पालक. मुलांचं वय २ ते ८. नुसतं ऐकायचं नाही, खोलीतच करून बघायचं. जोड्या पाडतात, एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने पालक. पहिल्या दिवशी मोठी माणसं लाजून हसत बसतात, तिसऱ्या शनिवारी ‘मूल’ झालेले काका इतका मनापासून हट्ट करतात की समोरच्याला घाम फुटतो.

पहिले दोन शनिवार फक्त खेळ. रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, मूल पुढे आणि पालक मागे. मूल काय करतंय ते शब्दांत सांगायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. ‘हा कुठला रंग?’ बंद. आपल्या लोकांना हे फार जड जातं. दहा मिनिटांत परीक्षा घेतली नाही तर वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण पुढचं सगळं या दहा मिनिटांवर उभं आहे, म्हणून वर्ग ते सोडून पुढे जात नाही. बरोबर आहे.

मग कौतुक: ‘शाब्बास, गुड बॉय’ नाही, तर ‘चपला जागेवर ठेवल्यास’. नेमकं काय आवडलं ते कळलं तरच मूल ते पुन्हा करतं. त्यानंतर सूचना कशी द्यायची: स्वयंपाकघरातून हाका मारायच्या नाहीत, जवळ जायचं, त्याच्या उंचीला बसायचं, एकच सूचना, ‘करतोस का?’ असं न विचारता ‘आता कर’ अशी, आणि मग पाच सेकंद गप्प. हे पाच सेकंद कुणालाच जमत नाहीत. तिसऱ्या सेकंदाला तीच सूचना आवाज चढवून पुन्हा येते, आणि मूल शिकतं की पहिल्या हाकेला काही अर्थ नसतो. वर्गात घड्याळ लावून हे करून घेतात. ‘पोलिसाला देईन’, ‘बागुलबुवा येईल’ या धमक्याही इथेच काढायला लावतात, कारण त्यातली एकही खरी होत नाही आणि हरवलेलं मूल ज्याच्याकडे जायला हवं त्या पोलिसालाच घाबरायला शिकतं.

पाचव्या शनिवारी किरकोळ हट्टाकडे दुर्लक्ष. इथे निम्मे पालक वर्ग सोडतात. त्याचं कारण आधीच सांगितलं जातं, हे या वर्गाचं मोठेपण. रडून चॉकलेट मिळायचं, आता मिळेनासं झालं, तर मूल पहिले काही दिवस कमी नाही, जास्त रडतं, जास्त जोरात रडतं, लोळतं. चौथ्या दिवशी आजोबांनी चॉकलेट दिलं की मूल एवढंच शिकतं की आणखी जोर लावला की मिळतं. म्हणजे दुर्लक्ष अर्धवट करणं हे अजिबात न करण्यापेक्षा वाईट. त्यामुळे आजी-आजोबांनाही बोलवावं लागतं आणि केंद्राने सहावा शनिवार त्यांच्यासाठी ठेवलाय. मारणं, चावणं, रस्त्यावर धावणं याकडे दुर्लक्ष करायचं नसतं, तिथे लगेच आणि हाताने धरून थांबवायचं, हा फरक मात्र पुरेसा ठासून सांगितला जात नाही. एका वाक्यात उरकतात.

मोबाइलच्या सत्रात आकडे स्पष्ट दिले आहेत: २ वर्षांखाली पडदा नाही (दूरच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल वेगळा), २ ते ५ वर्षं दिवसाला जास्तीत जास्त १ तास आणि तोही सोबत बसून. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेची शिफारस हीच आहे. उपयोगी भाग पुढचा: जेवताना लावलेला मोबाइल एकदम काढायचा नाही. आधी पाच घास मोबाइलशिवाय, मग चालू. चार दिवसांनी दहा घास. आणि घासांची संख्या कमी झाली तर घाबरायचं नाही, कारण पडद्यासमोर मूल भूक नसताना खात असतं.

वडिलांबद्दल. पावतीवर वडिलांचं नाव, हजेरीच्या वहीत रकाना ‘आईची सही’. केंद्राने रविवारी सकाळी खास बाबांची तुकडी काढली, तिला प्रतिसादही आहे, पण वही तीच. आई किंवा वडील एकटेच मूल सांभाळत असतील, मूल आजीकडे वाढत असेल, तर अर्जात लिहायला जागाच नाही. पन्नास पैशांची छपाई आहे, बदला की ओ.

पोहणं

कौटुंबिक तास संध्याकाळी ५ ते ६. उथळ भाग अडीच फूट, पालकांनी मुलासोबत पाण्यात उतरायचं. हा तास चांगला. सकाळच्या शिकवणीच्या तुकडीत मात्र पालकांना काचेबाहेर बसवतात, एका प्रशिक्षकाकडे दहा-बारा मुलं, आणि दंडाला फुग्याच्या पट्ट्या. त्या पट्ट्या खेळणं आहे, जीवरक्षक साधन नाही. हवा जाते, निसटतात, आणि मुलाला उभं तरंगायची खोटी सवय लागते, जी पट्टी काढल्यावर थेट बुडवते. पोहायला न येणाऱ्या सहा वर्षांखालच्या मुलांत एका प्रशिक्षकाकडे चारच्या वर मुलं नसावीत.

पाण्याच्या तपासणीचे आकडे लिहिलेला फळा लावलाय हे कौतुकाचं. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ असायला हवा. पण फळ्यावरचा आकडा सकाळचा असतो आणि संध्याकाळपर्यंत तोच राहतो. उघड्या तलावातला क्लोरीन उन्हाने उडतो, आणि सोलापूरचं एप्रिलचं ऊन म्हणजे काही चेष्टा नाही. ५ वाजता पुन्हा मोजल्याशिवाय तो आकडा निरुपयोगी. ‘क्लोरीनचा वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ’ हाही गैरसमज. डोळे चुरचुरवणारा तो वास क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळल्यावर येतो, म्हणजे वास जास्त तर पाणी घाण. उतरण्याआधी काठावरून खोल भागाच्या तळाची जाळी स्पष्ट दिसते का तेवढं बघा. दिसत नसेल तर त्या दिवशी घरी जा, पोरगं कितीही रडलं तरी.

उन्हाळी शिबिर

वय ६ ते १२, दहा दिवस, फी खेळगटाच्या चौपट. पत्रकात वीस विषय: मल्लखांब, वारली, अबॅकस, झुंबा, मातीकाम, वैदिक गणित, तबला आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’. दहा दिवसांत, रोज तीन तासांत वीस विषय म्हणजे एकेकाला दीड तास. मल्लखांबाच्या तासाला साठ मुलं रांगेत आणि एक खांब. प्रत्येकाच्या वाट्याला खांबाला मिठी मारण्याएवढा वेळ येतो आणि फोटो तेवढा निघतो. तीन विषय, प्रत्येकी आठ-दहा तास असं ठेवलं असतं तर मुलं काहीतरी घेऊन घरी गेली असती.

खरी हरकत वेळेला आहे. दुपारी ३ ते ६, पत्र्याच्या शेडखाली. मे महिन्यात इथे पारा सहज ४२ च्या पुढे जातो आणि तापलेला पत्रा संध्याकाळपर्यंत खाली उष्णता फेकत राहतो, पंखे ती गरम हवाच फिरवतात. सोलापुरात मुलांचं उन्हाळी शिबिर सकाळी ७ ते १० सोडून दुसऱ्या वेळी घेऊ नये. केंद्राचं उत्तर असं की सकाळी हॉल बॅडमिंटनवाल्यांना दिलाय. मग शिबिराची फी तरी त्या मानाने लावायची.

पाण्याची व्यवस्था आहे, जार भरलेले असतात, पण ‘तहान लागली की या’ असा नियम. खेळात रमलेल्या मुलाला तहान उशिरा कळते. दर वीस मिनिटांनी सगळ्यांना थांबवून प्यायला लावायला हवं. ओआरएसची पाकिटं ठेवली आहेत आणि ती चुकीची वापरली जातात. एक लिटरचं पाकीट अर्धं एका पेल्यात ढवळून देतात. इतकं खारट पाणी उलट घातक. एक लिटरचं पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. एका पेल्यापुरतं हवं असेल तर २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं मिळतात ती आणावीत. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. मूल गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, अंग तापलेलं आणि ते सुस्त पडलं, तर सरबत पाजत बसायचं नाही. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, आणि लगेच १०८ ला फोन. या गोष्टी स्वयंसेवकांना पाठ हव्यात. ते अकरावी-बारावीची मुलं आहेत, मन लावून काम करतात, पण त्यांना हे कुणी शिकवलेलंच नाही.

पाळणाघर आणि व्याख्यानं

पाळणाघर तासावर, जिम किंवा योगाला येणाऱ्यांसाठी. स्वच्छ आहे, मावशी प्रेमळ आहेत. पण मूल परत नेताना ओळख पटवायची काही रीत नाही. ‘मी मामा’ म्हटलं की मूल मिळतं. नोंदवताना दोन माणसांची नावं आणि फोटो, नेताना सही, एवढं केलं तरी पुरे. शंका आली तर मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक दारावर हवा, तो नाही. वर्षाखालच्या बाळांना पालथं किंवा मऊ गिरदीवर झोपवतात, तेही थांबायला हवं. उताणं, टणक गादीवर, तोंडाजवळ उशी-गोधडी नको.

व्याख्यानांबद्दल थोडक्यात: दोन तासांचा कार्यक्रम, त्यातले चाळीस मिनिटं दीपप्रज्वलन, परिचय आणि चादर देऊन सत्कार. उरलेल्या वेळात ‘आजची पिढी’. मुलांना कडेवर घेऊन मागे उभ्या राहिलेल्या आयांचा प्रश्नोत्तरांपर्यंत नंबर लागत नाही. फुकट आहे, तरी जाऊ नका.

कुणाला सोयीचं

इमारतीत लहान मुलांच्या उंचीचं बेसिन, कमी उंचीची संडासाची भांडी आणि बाळाचे कपडे बदलायला ओटा आहे. पुरुषांच्या बाजूला ओटा नाही. बाबांच्या तुकडीचा रविवार आला की गंमत बघायला मिळते.

मोठी उणीव वेळापत्रकात आहे. खेळगट सकाळी ११ ला, बाळंतिणींची बैठक दुपारी ३ ला. विडी वळणाऱ्या, टॉवेल कारखान्यात शिलाई करणाऱ्या, घरकामाला जाणाऱ्या बायकांना या वेळा मिळणं अशक्य. अक्कलकोट रस्त्याकडून किंवा कुंभारीच्या कामगार वसाहतीतून यायचं तर दोन रिक्षा बदलाव्या लागतात आणि रिक्षाचं भाडं फीपेक्षा जास्त होतं. या केंद्राकडे चांगल्या ताई आहेत, सामान सगळं मिळून दोन पोत्यांत बसतं. आठवड्यातून एकदा खेळगट तिकडच्या अंगणवाडीत नेला तर इमारतीची गरजही नाही. संध्याकाळी साडेसहाची एक तुकडी तरी लगेच सुरू व्हावी. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात मात्र वर्ग बंद ठेवून तो शनिवार पुढे जोडून देतात, पैसे कापत नाहीत. हे व्यवस्थापन शहाणपणाचं आहे.

प्रवेश घेताना मुलाचं लसीकरण कार्ड, पालकाचं ओळखपत्र आणि मुलाचा एक फोटो लागतो. खेळगटाची फी महिन्याची भरा, तिमाहीची सवलत घेऊ नका, कारण मूल आजारी पडून सुटलेले दिवस फक्त त्याच महिन्यात भरून देतात. पहिले दोन वेळा मूल रडेल, तुमच्या मांडीवरून उतरणार नाही. तरी तासभर बसून राहायचं, ताई काही म्हणत नाहीत. पालकवर्गाच्या जागा लवकर भरतात, नाव महिनाभर आधी द्या आणि घरातली दोन माणसं एकत्र घाला, दुसऱ्याला निम्मी फी आहे. पोहायला संध्याकाळचाच तास. शिबिराचे पैसे वाचवा.